मळवलेली भिंत

"अक्का, हा चहा फार चांगला झालाय," पुरुषोत्तमअण्णा पातेल्यात डोकावून म्हणाले. "असल्या चहानं भिंत मळायची नाही. उकळा स्वल्प अजून."

मी पातेलं परत गॅसवर चढवलं. त्यात दूध नव्हतं, साखर नव्हती. आठवडाभराची वाळवून ठेवलेली चहाची चोथापूड आणि चिमूटभर हळद होती. गार झालं की अण्णा ते पाणी झाडांवर औषध मारायच्या पंपात भरणार आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर, वरून खाली ओघळ उतरतील अशा बेताने फवारणार. मग वर चुलीतली राख. कोपऱ्यांना तारेचा ब्रश. जिथे ओल मुरल्यासारखं दिसायला हवं, तिथे भिजवलेलं पोतं दोन दिवस टांगून ठेवायचं. तीनच महिन्यांपूर्वी रंगवलेली भिंत परवापर्यंत दहा वर्षांची दिसायला लागणार होती.

ऐकणाऱ्याला वाटेल, या लोकांना वेड लागलंय. तसं नाही. बनशंकरीतल्या आमच्या 'सांगाती'मध्ये सव्वीस जण राहतात. वयानं पंचवीसपासून साठीपर्यंत, आणि समजेनं चार-पाच वर्षांचे. अशा संस्थेला पैसे मिळतात ते हल्ली कंपन्यांकडून, सीएसआर म्हणून, समाजकार्यासाठी बाजूला काढलेले. पण नुसते पैसे येत नाहीत. पैशांबरोबर एका शनिवारी कंपनीची पन्नास माणसं येतात, आणि त्यांना तीन तास काहीतरी काम द्यावं लागतं. आमच्या मुलांना आंघोळ घालणं, भरवणं, फेफरं आलं तर धरून बसणं, ही कामं पाहुण्यांना देता येत नाहीत. उरते ती भिंत. एका वर्षी एक कंपनी आली तेव्हा भिंत अगदी स्वच्छ होती. माणसं थोडा वेळ उभी राहिली, समोसे खाल्ले, फोटो काढले आणि गेली. पुन्हा कधी त्यांचा फोन आला नाही. तेव्हापासून दर शनिवारच्या आधी आम्ही भिंत मळवतो. वर्षाला चार वेळा ती रंगते आणि चार वेळा मळते.

यातलं डोकं माझं, हात अण्णांचे. मी इथली ऑफिस सांभाळणारी. जन्म बंगळुरातला, वडील सरकारी कारखान्यात होते. अण्णाही तसल्याच एका कारखान्यातले, पेंट शॉपचे फोरमन. पस्तीस वर्षं त्यांनी यंत्रांचे सांगाडे रंगवून घेतले. कुठल्याही रंगाचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवा, त्यात काय किती पडलंय ते नुसतं बघून सांगत. आता वय एकाहत्तर. राजाजीनगरला पुतण्याच्या घरी वरच्या खोलीत राहतात, आणि रोज सकाळी मेट्रोने इथे येतात. पगार घेत नाहीत. घेणार कसे? त्यांची शलाका इथे आहे ना.

शलाका छत्तीस वर्षांची. आठ वर्षांपूर्वी तिची आई गेली. एकट्या बापाला मोठ्या मुलीची आंघोळपांघोळ जमेना, म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे आणलं. पहिले अकरा दिवस ती झोपली नाही. रडायचीसुद्धा नाही, नुसती कॉटवर बसून भिंतीकडे बघायची. बाराव्या दिवशी अण्णा रंगाचा डबा घेऊन आले आणि तिच्या कॉटमागची भिंत त्यांनी निळी करून टाकली. त्यांच्या घरात तिची खोली तशी होती, तो निळा. दुपारी रंग वाळला आणि ती पोर जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी दहाला उठली.

तेव्हापासून तिची सकाळ ठरलेली. उठायचं, डावा तळवा भिंतीला लावायचा, आणि भिंतीवरून हात तसाच ओढत दारापर्यंत जायचं. अकरा पावलं. दाराशी पोचली की म्हणायचं, "चला." तिची आई तिला बाहेर नेताना असं म्हणायची म्हणे. आठ वर्षांत त्या निळ्यावर तिच्या खांद्याच्या उंचीवर एक तेलकट काळपट पट्टा उमटला होता. आमच्या सगळ्या इमारतीत खरा मळलेला म्हणावा तर तेवढाच. बाकी सगळा माल अण्णांचा.

तर मी सांगतेय त्या चहाच्या वेळची कंपनी मोठी होती, आणि तिथून यायची होती मुग्धा. पुण्याची, अठ्ठावीस-एकोणतीसची, गोड मुलगी. शनिवारच्या चार दिवस आधी ती जागा बघायला येणार होती. अण्णांनी भिंत अशी काही मळवली होती की बघत राहावं. आणि त्याच सकाळी जेसीबी आला. पाइप टाकायचा म्हणून पालिकेच्या माणसांनी आमच्या कंपाउंडलगत कमरेएवढा चर खणून ठेवला. पन्नास माणसं उभी राहणार कुठे?

"ओके, मग आत काहीतरी बघू या का, काकू?" मुग्धा म्हणाली.

आतला व्हरांडा दुसऱ्या एका कंपनीने रंगवला होता. त्यावर त्यांचं नाव होतं आणि वर्षभर हात लावायचा नाही असा करार. जेवणघरात टाइल्स. मुग्धा एकेक दार उघडून बघत होती आणि मी मागून चालत होते. बायकांच्या खोलीत ती शिरली आणि निळ्या भिंतीसमोर थांबली.

"अय्यो, ही केव्हापासून अशी आहे?"

"आठ वर्षं," मी म्हटलं.

"आठ वर्षं? आणि या ताई रोज हे बघत उठतात?" तिने त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, ते काही नाटक नव्हतं. "काकू, हीच करू. बाहेरची भिंत काय, लोक बघणार. ही यांची आहे ना. ब्राइट यलो करू, एकदम चीअरफुल."

आता सांगायचं तर इथेच सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की, मुग्धा, ही भिंत सोड बाई. पण मी ते म्हटलं नाही.

का म्हटलं नाही, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" मी भोळी, खरं ते सांगितलं. रात्रपाळीला एक आया हवी आहे, आणि मोरीचा पाइप बदलायचा आहे. साहेब म्हणाले, हे आमच्या थीममध्ये बसत नाही. त्यानंतर ते आलेच नाहीत. तेव्हा मी शिकले की देणाऱ्याला जे द्यायचंय तेच आपल्याला हवं होतं असं तोंड करायचं. त्यात मुग्धाची कंपनी आमच्या फिजिओथेरपिस्टचा पगार देणार होती. ते बंद झालं असतं तर जमनाबाईचं काय? चार वर्षं कॉटवर पडून असलेली बाई मागच्याच महिन्यात पहिल्यांदा उभी राहिली होती. म्हणून मी गप्प. हसले सुद्धा.

अण्णा मोरीपाशी पंप धूत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पंपाचं नोझल काढलं, फुंकलं, परत बसवलं.

"ती भिंत सोडून काय पण द्या म्हटलं तर?" ते म्हणाले.

"दुसरी उरलीच नाही, अण्णा."

"जमनाबाई परवा किती चालल्या?"

"चार पावलं."

"चार." त्यांनी मान हलवली. "सरी, होऊ दे."

"मी एकदा मुग्धाशी बोलून बघू का?" मी विचारलं. पण विचारलं ते अशा आवाजात की समोरच्याने नकोच म्हणावं.

"नको, अक्का. धर्माची गाय आणि दात का नाय? त्यांना कशाला अवघडात घालायचं? शनिवार होऊन जाऊ दे. मी परत तोच निळा काढतो की. तो रंग काय, डोळे मिटून काढीन."

मला बरं वाटलं. हे मी कबूल करते.

त्याच संध्याकाळी त्यांनी कॉटच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, पट्टीने रुपयाएवढा पोपडा खरवडून काढला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला.

शनिवारी अण्णा सकाळीच शलाकाला लालबागेत घेऊन गेले. बावन्न माणसं आली, सगळ्यांचे टीशर्ट एकसारखे. माणसं वाईट नव्हती हो. एक मुलगी तासभर जमनाबाईचे केस विंचरत बसली. एका मुलाने न सांगता पंख्याचं बटण दुरुस्त केलं. निळ्यावर पिवळ्याचे दोन हात बसले, आणि मग मुग्धाने शेवटची गंमत काढली. सगळ्यांनी आपापला पंजा रंगात बुडवून भिंतीवर उमटवायचा. बावन्न पंजे, लाल, हिरवे, जांभळे, खाली प्रत्येकाचं नाव. मुग्धाने आपला केशरी पंजा शलाकाच्या उशीजवळ लावला, "म्हणजे ताईंना गुड मॉर्निंग म्हणायला," असं म्हणून. दाराच्या अलीकडे हातभर रुंदीचा बोर्ड स्क्रूने बसवला. त्यावर कंपनीचं नाव आणि तारीख. मी टाळ्या वाजवल्या.

पाचच्या सुमारास अण्णा शलाकाला घेऊन परत आले. ती खोलीच्या दारात थांबली. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिने वडिलांचा सदरा धरला आणि म्हणाली, "घरी चल."

"हेच घर, बाळा."

"नाही. घरी चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉटवरून उतरेना. आया आणि मी दोघींनी धरून मोरीपर्यंत नेली. तिसऱ्या दिवशी तिने अंथरूण ओलं केलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. चादर बदलताना ती माझ्याकडे बघत होती, आणि मी चादरीकडे.

त्या आठवड्यात अण्णा चामराजपेटला निघाले. मलाही मार्केटात काम होतं, म्हणून बरोबर गेले. तिथे मंजुनाथचं रंगाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. गिऱ्हाइकांनी परत केलेले डबे, उरलेले ब्रश, पॉलिश पेपर असं सगळं तो वीस वर्षं आम्हाला देत आलाय. कुठल्या थीममध्ये बसतं का, असं त्याने कधी विचारलं नाही. एकदा मी म्हटलं होतं, तुझं नाव आमच्या बोर्डावर लिहू या. तर हात जोडून म्हणाला, "बेडा, अक्का, नको. नाव लिहिलं की गिऱ्हाईक म्हणणार, फुकट वाटतो म्हणजे याला रंग किती स्वस्तात पडतो बघा."

त्याच्याकडे आता रंग मिसळायचं मशीन आहे. नमुना दाखवायचा, ते वाचतं आणि थेंब मोजून टाकतं.

"अण्णा, तुकडा इकडे द्या. दोन मिनिटांचं काम," मंजुनाथ म्हणाला.

"तुझ्या मशीनला कोणी शिकवलं? माझ्यासारख्यानंच की नाही?" अण्णा हसले. "पांढरा दे, निळा स्टेनर दे, काळा दे. आणि एक स्टूल."

दुकानाच्या दारात उन्हाला बसून त्यांनी तासभर रंग घोटला. थेंब टाकायचा, काडीने ढवळायचा, पुठ्ठ्यावर बोटभर लावायचा, वाळू द्यायचा, पोपड्याशेजारी धरून बघायचा. चष्मा वर, चष्मा खाली. शेवटी पुठ्ठा पुढे केला. "बघ. तोच का नाही?"

मंजुनाथने पुठ्ठा घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्यावरचा रंग हिरवट होता. दवाखान्यातल्या पडद्यांना असतो, तसला. आंधळ्यालाही कळावं इतका वेगळा.

"सरी इदे, अण्णा, बरोबर आहे," मंजुनाथ म्हणाला.

"अगदी तोच," मी म्हटलं.

आम्ही काय बोलणार होतो? त्या माणसाला ना घर उरलं, ना बायको. ती नजर तेवढी होती, आणि तिच्यावर तो सत्तरीतही ताठ चालत होता. ती गेली हे त्याच्या तोंडावर कोणी सांगायचं? मंजुनाथने पैसे घेतले नाहीत. आम्ही डबा घेऊन मेट्रोत बसलो. अण्णा वाटेत बडबडत होते, निळ्यात काळा किती जपून टाकावा लागतो ते सांगत होते. मी हं हं करत होते.

रविवारी त्यांनी एकट्याने भिंत रंगवली. बावन्न पंजे रंगाखाली गेले. वाळल्यावर शलाकाला आणलं. तिने बघितलं आणि मान हलवली.

"हा नाही."

"तोच आहे गं. बाबानं केलाय."

"हा नाही."

अण्णा हसत माझ्याकडे वळले, आणि माझा चेहरा त्यांना दिसला. रंग दिसत नसला तरी चेहरा दिसत होता. मी पदराला हात पुसत राहिले.

"अक्का, खरं सांगा."

"स्वल्प हिरवट आहे, अण्णा."

"दुकानात दिसलं होतं?"

"हो."

"मंजूला पण?"

"हो."

ते कॉटच्या कडेला बसले. ब्रश पेपरात गुंडाळला, त्यावर सुतळी बांधली, गाठ दोनदा तपासली. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर मीही रडून मोकळी झाले असते.

"पोरीनं तरी सांगितलं," एवढंच ते म्हणाले.

मंगळवारी मुग्धा रिपोर्टसाठी एक-दोन फोटो घ्यायला आली. खोलीत गेली आणि हिरवट भिंत बघून थिजलीच. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी तिला शलाकाच्या कॉटवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. निळा रंग, अकरा पावलं, अंथरूण. चहाचं पाणीसुद्धा सांगितलं. म्हटलं, जायचंच तर सगळंच जाऊ दे.

ती पोर डोकं धरून बसली.

"काकू, पण मला सांगायचं ना! मला फक्त एक वॉल हवी होती. कुठलीही. आम्ही किचन केलं असतं, गच्ची केली असती. आय मीन, नाही केलं असतं काही, तरी चाललं असतं. तुम्ही काही बोललाच नाहीत. उलट हसत होतात."

दोन वर्षांपूर्वीचा साहेब वेगळा होता आणि ही वेगळी होती. मी दोघांना एकाच मापात बसवलं. एक शब्द बोलले असते तर निभावलं असतं, आणि तो शब्द मी जिभेखाली दाबून ठेवला, शहाणपण म्हणून.

"फिजिओचं होईल, ते अप्रूव्ह झालंय," मुग्धा नाक पुसत म्हणाली. "भिंत हवी ती करा. फक्त तो बोर्ड मला काढता येणार नाही. दर तीन महिन्यांनी ऑडिटला त्याचा फोटो लागतो, त्याच जागेचा. माझ्या हातात नाहीये ते. सॉरी, काकू."

जाताना तिने शलाकाला नमस्कार केला. शलाकाने पाहिलं नाही.

दोन दिवसांनी मंजुनाथचा फोन आला. अण्णा एकटेच दुकानात गेले होते. चष्म्याची डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "मशीनला दाखव." मशीन चालू होतं तेवढा वेळ ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. हे सांगून मंजुनाथ म्हणाला, "अक्का, मी त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मीही.

मशीनचा निळा अगदी बरोबर आला. अण्णांनी भिंत पुन्हा रंगवली, तेव्हा पोपडा आणि भिंत यांत केसाचा फरक नव्हता. शलाकाला आणलं. ती या वेळी आत आली. भिंतीजवळ गेली, तळवा टेकवला, आणि लगेच काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. पण आवाज जरा वेगळा होता, विचारल्यासारखा.

"आता काय कमी आहे?" अण्णांनी मला विचारलं. "अक्का, मला आता तुमच्या डोळ्यांनीच बघायचंय. खरं सांगा."

"कमी काही नाही, अण्णा. रंग तोच आहे. भिंत अगदी स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग एकदम उठले. "चहा टाका."

मी चहाची पूड, हळद घालून पातेलं उकळायला ठेवलं. या वेळी पंप नव्हता. अण्णांनी खोबरेल तेल मागवलं, थोडी राख घेतली, आणि उजव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडली. शलाकाला भिंतीशेजारी उभी करून तिच्या खांद्याची उंची पेन्सिलीने आखली. आणि मग तेलाचा हात, चहाचा हात, राखेचं एक बोट, असं करत कॉटपासून दारापर्यंत आपला तळवा ते भिंतीवरून ओढत राहिले. परत मागे यायचं, परत पुढे. त्यांना निळ्यावरचा तपकिरी दिसतच नव्हता. मी स्टुलावर बसून सांगत होते.

"खाली, अण्णा. स्वल्प खाली. इथे जास्त झालं. तिथे ती नेहमी जरा थांबायची, खिडकीपाशी, तिथे दाट हवा."

"इथे?"

"हां, तिथे."

कंपन्यांसाठी जे काम ते दोन तासांत उरकायचे, त्याला त्या दिवशी दुपार आणि संध्याकाळ लागली. बोर्डापाशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला. बोर्ड पट्ट्याच्या बरोबर वाटेत, पुढे दार. त्यांनी बोर्डाच्या कडा चाचपल्या आणि पलीकडे उरलेली वीतभर भिंत मळवून काम संपवलं. तळवा सोलून लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाकाने डोळे उघडले आणि बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. मग तळवा टेकवला. तळव्याचा वास घेतला. आणि उठली. मी दारात उभी. एक, दोन, खिडकीपाशी जरा थांबली, मग परत. नववं पाऊल झालं आणि हात बोर्डावर आपटला. ती थांबली. बोर्डाकडे पाहिलं, हात मागे घेतला, आणि त्याच वाटेने कॉटवर जाऊन बसली. त्या दिवशीही तिला धरूनच न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच.

तिसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या मेट्रोने आले आणि बोर्डाच्या पलीकडे, दाराला पाठ लावून उभे राहिले. शलाका नऊ पावलं आली. तिचा हात बोर्डाला लागायच्या आत त्यांनी आपला हात पुढे केला, तळवा उताणा, तिच्या खांद्याच्या उंचीवर. तिने भिंतीवरचा हात उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. दहा, अकरा.

"चला," ती म्हणाली.

तेव्हापासून अण्णा रोज सहाला इथे असतात. पाऊस असो, ताप असो. दोन पावलांसाठी राजाजीनगरहून यायचं आणि ती झाली की मोरीपाशी जाऊन पंप, ब्रश, काय असेल ते धूत बसायचं. अंथरूण कोरडं असतं. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस रोज किती वर्षं येणार, याबद्दलही बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांचं नाव मोतीबिंदूच्या शिबिरात घातलं. शिबीर एका कंपनीचंच, सीएसआरमधलं. चांगलं काम करतात, पैसा घेत नाहीत, बोर्ड मात्र भला मोठा लावतात. अण्णा तयार होईनात.

"दोन दिवस येता येणार नाही, अक्का. सकाळचं काय?"

"मी उभी राहीन की. हातच तर पुढे करायचाय."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तेल लावा थोडं," म्हणाले.

काल त्यांचं ऑपरेशन होतं. मी पाचलाच आले. तळव्याला खोबरेल चोळलं, आणि बोर्डाच्या पलीकडे दाराला पाठ लावून उभी राहिले. शलाका उठली. खिडकीपाशी थांबली. नऊ पावलं आली. मी हात पुढे केला, अण्णा करतात तसाच, उताणा.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागाने नाही. अनोळखी घरात चुकून शिरलेलं माणूस जसं बघतं, तसं. मग वळली आणि भिंतीला हात लावत कॉटवर गेली.

माझा हात तसाच पुढे राहिला होता. दहाच्या सुमारास अण्णांचा फोन आला, दवाखान्यातून, कोणाच्या तरी मोबाइलवरून. डोळ्यावर पट्टी होती, आवाज थकलेला होता.

"अक्का, गेली का दारापर्यंत?"

शलाका कॉटवर बसून माझ्याकडे बघत होती. चादर बदलायची होती.

"गेली, अण्णा," मी म्हटलं.